गेंडा, टिटवी आणि बत्तीस कांदे

पैज लागली ती जिन्याच्या वळणावर, शुक्रवारी संध्याकाळी, आणि निमित्त झालं गणिताच्या बाईंच्या पार्सलचं. शाळेतून निवृत्त झालेल्या ह्या बाई पहिल्या मजल्यावर राहत. त्यांच्या दारात सुतळीने करकचून बांधलेलं एक खोकं येऊन पडलं होतं. बाई कात्री आणायला आत वळणार, एवढ्यात वरून पडदेवाले उतरले आणि खालून पार्सलवाले चढले. दोघांनी खोकं पाहिलं. दोघांचे हात एकाच वेळी खिशात गेले आणि दोन चाकू एकाच वेळी 'खट्' करून उघडले. तिसऱ्या मजल्यावरून कठड्यावर वाकलेलं कोणीतरी "अहो धावा, भोसकाभोसकी!" म्हणून किंचाळलंसुद्धा.

भोसकाभोसकी परवडली असती. ती निदान पाच मिनिटांत संपते.

"तुम्ही राहू द्या," पडदेवाले म्हणाले, "सुतळी आहे ही. तुमच्या टिटवीचं पातं वाकेल."

"वाकेल? अहो, दिवसाला दोनशे पार्सलं उघडतो मी हिच्यावर. तुमच्या गेंड्याला आधी विचारा, त्याला पातं नक्की कुठलंय ते आठवतंय का. चाकू शोधायला जावं तर चमचा निघतो."

पडदेवाल्यांच्या वर्मी लागलं. गेंडा कंपनीचा लाल मुठीचा घडीचा चाकू ते बावीस वर्षं खिशात बाळगत होते. त्यात दोन पाती, पेचकस, कात्री, चिमटा, दातकोरणं अशी अकरा हत्यारं होती. घरोघर पडदे बसवायचा त्यांचा धंदा. दांडीचा स्क्रू पिळायचा, दोरी कापायची, अस्तराचा धागा तोडायचा, सगळं गेंड्यावर. उलट पार्सलवाल्यांची नोकरी कुरिअरच्या ऑफिसात, फाटकीतुटकी पार्सलं उघडून पुन्हा बांधायच्या टेबलावर. त्यांच्याकडे टिटवी. लाकडी मूठ, एकच पातं, आणि ते मिटू नये म्हणून मुठीच्या तोंडाशी पितळी कडी. बस्स.

बरं, चाकू काय, दोन्ही कापतात. पण माणसाचं आणि वस्तूचं जमतं ते कापण्यावरून नाही जमत. पार्सलवाल्यांच्या टिटवीची कडी पंधरा वर्षांपूर्वी तुटली, तेव्हा त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने नवी कडी पाठवली आणि सोबत सहीनिशी चिठ्ठी: 'प्रिय ग्राहक, आपली गैरसोय झाली याचं आम्हांला मनापासून वाईट वाटतं.' पार्सलवाल्यांच्या आयुष्यात त्यांच्या गैरसोयीचं वाईट वाटलेली ही पहिलीच पार्टी. चिठ्ठी त्यांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावली. स्वतःच्या लग्नाचा फोटो त्यासाठी बेडरूममध्ये हलवला.

पडदेवाल्यांचं प्रकरण तर चिठ्ठीच्याही पुढचं. बावीस वर्षांपूर्वी एका इमारतीत लिफ्ट अडकली असताना त्यांनी म्हणे गेंड्याच्या पेचकसाने दार उचकटून तीन माणसं वाचवली होती. त्या तिघांतलीच एक पुढे त्यांची बायको झाली. ही गोष्ट ते दर वर्षी नव्याने सांगत आणि अधूनमधून लिफ्टमध्ये एखादं माणूस वाढे. सध्या आकडा अकरावर आला होता, शिवाय एक कुत्रं.

"लिफ्टची गोष्ट नको," पार्सलवाले आधीच म्हणाले. "मला पाठ आहे. ह्या वर्षी कोणाला चढवलंत? बँडवाले?"

"अहो, ज्याचा जीव वाचला त्याला विचारा! माझी बायको आहे साक्षीला." आणि नेमकी त्यांची बायको भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. "काय गं? सांग ह्यांना. चाकू असावा तर गेंड्याचा, हो की नाही?"

"मला टिटवीसुद्धा हाताला बरी वाटते," बायको सहज म्हणाली. "हलकी आहे."

पार्सलवाले असे हसले, की पडदेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "जाऊ दे!" ते म्हणाले. "बायकांना चाकूतलं काय कळतं!"

बायकोने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बरं," एवढंच म्हणाली आणि वर गेली.

लग्नाला एकवीस वर्षं झालेल्या माणसाला 'बरं' ह्या शब्दाची भीती वाटायला हवी. पण पडदेवाले तेव्हा पैज लावण्यात गुंतले होते.

इकडे गणिताच्या बाईंनी किल्लीच्या दात्याने सुतळी तोडून खोक्यातला मिक्सर बाहेर काढलासुद्धा होता. दोघांचं आटपत नाही बघून त्यांनी मिक्सर खाली ठेवला आणि फळ्यासमोर उभं राहायचा आवाज लावला. "पुरे! तोंडाने सिद्ध होत नसतं. परवा रविवारी सकाळी दहा वाजता, खाली गेटपाशी, परीक्षा. चाकू मी चालवणार. कुठला कुणाचा ते मला कळता कामा नये, बघणाऱ्यांना कळता कामा नये. दोन्ही चाकूंच्या मुठींना सारखे अभ्रे घाला. पात्यावरच्या शिक्क्याला चिकटपट्टी लावा."

"अभ्रे मी शिवतो," पडदेवाले म्हणाले.

"मग खोकी मी देणार," पार्सलवाले म्हणाले. "चाकू खोक्यात, खोक्याला ऑफिसची टेप. ह्यांचा भरवसा नाही."

"आणि हरणाऱ्याने काय करायचं?" बाईंनी विचारलं.

ह्यावर पडदेवाल्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती बिल्डिंगने पूर्वी पाहिलेली होती. ह्याच चमकेनंतर एकदा लिफ्टमध्ये 'कृपया उडी मारू नये' अशी पाटी लागली होती आणि महिनाभर झाडून सगळे लिफ्टमध्ये शिरताना उडी मारत होते.

"सोळा घरं आहेत," पडदेवाले म्हणाले. "घरटी दोन कांदे. हरणाऱ्याने तिथंच गेटपाशी स्टुलावर बसून बत्तीस कांदे चिरायचे. जिंकलेल्या चाकूने. आणि प्रत्येक कांद्याला जिंकलेल्या कंपनीच्या नावाने ओरडायचं: चाकू असावा तर अमक्याचा! मोठ्याने. समोरच्या पानवाल्याला ऐकू गेलं पाहिजे."

"मंजूर," पार्सलवाले म्हणाले. "रुमाल आणा मोठा."

पडदेवाले घरी आले ते जिंकल्यासारखेच. बायको आत पोळ्या लाटत होती. त्यांनी गेंडा काढला, ओट्याच्या कडेवर दोनचार हात मारले, धार अंगठ्यावर बघितली, आणखी दोनचार मारले. मग आरशासमोर उभं राहून, रविवारी निकाल लागल्यावर चाकू कसा मिटायचा त्याची तालीम केली. एका हाताने, मनगटाला झटका देऊन, 'खट्'. पहिल्यांदा छान मिटला. दुसऱ्यांदा त्याहून छान. तिसऱ्यांदा 'खट्'च्या जागी 'टिंग' झालं, काहीतरी बारीक उडून आरशावर आपटलं आणि गेंड्याचं पातं दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखं लोंबायला लागलं.

आतली स्प्रिंग गेली होती. पातं उघडं राहीना, मिटून राहीना.

"काय झालं हो?" आतून बायको.

"काही नाही. कंगवा पडला," पडदेवाले म्हणाले आणि गेंडा मोज्यात घालून मोजा पॅंटच्या खिशात कोंबला.

रात्र त्यांनी कशीबशी काढली. शनिवारी सकाळी एका घरी पडद्यांच्या दांड्या बसवायच्या होत्या. त्या त्यांनी इतक्या घाईत बसवल्या, की तिथल्या बाई पुढे आठवडाभर मान तिरकी करून राहिल्या. तिथून तडक हत्यारांच्या दुकानात.

"गेंडा द्या. अकरा हत्यारांचा. लाल."

दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला. "गेंडा? अहो, गेंड्याने चाकू बंद करून तीन वर्षं झाली. आता नेलकटर काढतात. नेलकटर देऊ? छान आहे."

"जुना एखादा पडला असेल!"

"होता एक. शेवटचा. तासाभरापूर्वीच गेला. तुमच्याच बिल्डिंगमध्ये." दुकानदाराने आवाज खाली आणला. "पण नाव विचारू नका. गिऱ्हाइकाने शपथ घातलीय."

पडदेवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोण नेणार दुसरं? पार्सल्याच! शत्रूने रसद तोडली! म्हणजे ह्याला कळलं की काय? 'टिंग' खालपर्यंत ऐकू गेलं?

"टिटवी आहे हो," दुकानदार म्हणाला. "एकदम ताजा माल."

"टिटवीला मी हातसुद्धा लावत नाही."

"बघा बुवा. मला काय, मी तीस वर्षं हेच बघतोय. गिऱ्हाईक चाकू घ्यायला म्हणून कधी येतच नाही. कोणी बापाच्या हातात बघितलेला घ्यायला येतं, कोणी शेजाऱ्याकडे नाही तो घ्यायला येतं. धार बघून घेतलेला माणूस मला एकच भेटला. तो न्हावी होता, आणि त्यालाही चाकू नको होता."

पडदेवाले दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. तिथं उभं राहून त्यांनी बत्तीस कांदे डोळ्यांसमोर आणले. मग समोरचा पानवाला आणला. आणि मग हळूहळू, डोळ्यांच्या एका कोपऱ्यातून सुरुवात होऊन, ती चमक परत आली.

समजा, आपल्या खोक्यातही टिटवीच ठेवली तर? दोन्ही खोक्यांत टिटव्या. आपली जिंकली, तर सगळे म्हणणार गेंडा जिंकला. अभ्रा उसवायचाच नाही, झटकन खिशात टाकायचा. आणि आपली हरली, तर तिथंच उभं राहून ओरडायचं: थांबा! अभ्रा उसवा! हरलेलीसुद्धा टिटवीच आहे! टिटवी टिटवीकडून हरली, पैज रद्द, आणि पार्सलवाल्यांचं तोंड बघण्यासारखं! इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, त्याच्या बरोबर उलट ही गोष्ट होती. इकडे पेढे, तिकडे लाडू.

"कागदात गुंडाळून द्या," ते परत येऊन म्हणाले. "दोन कागदांत. आणि वरून काळी पिशवी."

जिन्यात पार्सलवाले भेटलेच. चारचौघं होती, बाईही दारात उभ्या होत्या. पडदेवाल्यांना राहवलं नाही. "काय पार्सल, दुकानातला शेवटचा गेंडा उचललात म्हणे?"

"मी? गेंडा?" पार्सलवाल्यांचा चेहरा झाडावरून पडल्यासारखा झाला. "मी गेंडा कशाला घेईन?"

"आता ते तुम्हालाच ठाऊक! शेवटी पाय वळलेच म्हणायचे गेंड्याकडे. ऐकलंत ना बाई? ह्यांनी गेंडा विकत घेतलाय! टिटवीवर भरवसा नाही राहिला!"

"ऐकलं," बाई म्हणाल्या. बाईंनी ऐकलेलं त्या कधी विसरत नसत. एका माजी विद्यार्थ्याला त्यांनी भर लग्नात अपूर्णांकाची चूक सांगितली होती.

दुपारभर पडदेवाले मशीनवर बसले. जुन्या अस्तराचे दोन अभ्रे शिवले, आत कापूस भरून चांगले गुबगुबीत, म्हणजे अकरा हत्यारांची मूठ काय आणि लाकडाची मूठ काय, बाहेरून दोन्ही उश्याच. एक अभ्रा खाली पार्सलवाल्यांना पोचवला. दुसऱ्यात स्वतः टिटवी घालून तोंड शिवलं आणि शेवटचा एक टाका, अगदी मुंगीएवढा, निळ्या दोऱ्याने घातला. बाकी सगळे पांढरे. आपलं माणूस गर्दीत ओळखू यायला नको? मग पात्याच्या शिक्क्यावर चिकटपट्टी, चाकू खोक्यात, खोक्याला टेप, खोकं कपाटावर. आणि स्वतः मंडपवाल्याच्या थाटात खाली गेटपाशी पडदा लावायला गेले. चाकू चालताना कोणाला दिसू नये म्हणून बाई पडद्यामागे बसणार होत्या, आणि आपल्या हाताखालून गेलेला पडदा सोळा घरं बघणार म्हटल्यावर पडदेवाल्यांनी त्याला चुण्या घातल्या, झालर लावली, बाजूला बांधायला गोंडेदार दोरीसुद्धा दिली. तासभर तरी गेला त्यात.

रविवारी दहाला गेटपाशी सगळी बिल्डिंग जमली. लोकांनी खुर्च्या आणल्या होत्या. एका आजोबांनी तर उशी आणली होती. प्रत्येक घराने दोन दोन कांदे आणून एका घमेल्यात टाकले होते आणि ते घमेलं मधोमध स्टुलाशेजारी ठेवलेलं होतं. पार्सलवाले त्याच्याकडे बघणं टाळत होते. पडदेवाले मात्र कांदे हाताळून "हा बघा, ह्याने तुम्ही ढसाढसा रडणार" असं निवडून दाखवत होते.

बाईंनी दोन्ही खोकी एका गोणीत घातली, गोणी तीनदा हलवली आणि पडद्यामागे गेल्या. आत टेप फाटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने पडद्याखालून एक ताट बाहेर सरकलं. त्यात टोमॅटोच्या चकत्यांचे दोन ढीग. एकावर चिठ्ठी 'एक', दुसऱ्यावर 'दोन'.

एक नंबरच्या चकत्या अशा, की त्यांच्यातून वर्तमानपत्र वाचावं. दोन नंबरच्याही चकत्याच होत्या, पण टोमॅटोला त्या होताना त्रास झालेला दिसत होता.

मग जाड पुठ्ठा आला. एक नंबरचा काप सरळ रेघ, दोन नंबरचा जरा कुरतडलेला. मग दोरी. मग पेन्सिलीला केलेलं टोक. प्रत्येक वेळी हात वर व्हायला लागले आणि प्रत्येक वेळी एक नंबरला चौदा-पंधरा, दोन नंबरला एक. तो एक हात आजोबांचा होता. त्यांना वाटलं, चहा कोणाला हवा ते विचारतायत.

"निकाल!" बाई पडदा सारून बाहेर आल्या. त्यांच्या उजव्या हातात एक गुबगुबीत अभ्रा होता, त्यातून पातं चमकत होतं. "एक नंबर जिंकला. चारही पेपरांत."

पडदेवाल्यांनी डोळे बारीक केले. अभ्रा नीट बघितला, शिवण नीट बघितली. वरपासून खालपर्यंत पांढरे टाके. निळा टाका नव्हता.

म्हणजे एक नंबर आपला नाही. म्हणजे पार्सलवाल्यांचा. म्हणजे आपली टिटवी दोन नंबर, आणि आपण हरलो. हिशोब सरळ होता. घाबरायचं कारण नव्हतं. दुसरा लाडू खिशात होताच.

"थांबा!" पडदेवाले खुर्चीवर चढले. "मंडळी, टाळ्या वाजवायच्या आधी ऐका! तुम्हाला वाटतंय की दोन नंबर म्हणजे गेंडा आणि तो हरला. मी आज तुम्हा सगळ्यांसमोर शपथेवर सांगतो, मी माझ्या खोक्यात गेंडा ठेवलेलाच नव्हता!"

त्यांनी छातीवर हात ठेवला.

"मी टिटवी ठेवली होती! टिटवी! उसवा तो दोन नंबर! त्यातून टिटवी निघाली नाही तर बत्तीसच काय, चौसष्ट कांदे चिरीन! टिटवीनेच टिटवीला हरवलंय, पार्सलवाले! घ्या, पैज रद्द!"

बाईंनी शांतपणे दोन नंबरचा अभ्रा आणला, कात्रीने शिवण उसवली, कापूस बाजूला केला. आतून लाकडी मूठ निघाली. पितळी कडी निघाली. टिटवी.

"बघा!" पडदेवाले ओरडले. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

"आता हाही बघू," बाई म्हणाल्या आणि एक नंबर उसवला.

आतून लाल मूठ निघाली. नवीकोरी. बाजूने चमचा, कात्री, पेचकस, आणि मुठीवर सोनेरी रंगात शिंग उगारलेला गेंडा.

पडदेवाल्यांचं तोंड उघडं राहिलं. मग हळूहळू त्याचं हसू झालं. "गेंडा! गेंडा जिंकला! अहो, हा माझा! हा एक नंबर माझा!"

"कसा?" बाई म्हणाल्या.

"कसा म्हणजे? ह्या बिल्डिंगमध्ये गेंडा दुसऱ्या कोणाचा असणार?"

"खाली उतरा खुर्चीवरून," बाई म्हणाल्या. पडदेवाले उतरले. सातवीच्या वर्गात उतरतात तसे. "आपण पायरी पायरीने जाऊ. पायरी पहिली. तुम्ही तुमच्या खोक्यात काय ठेवलं होतं? शपथेवर सांगितलंत."

"टिटवी. पण..."

"'पण' नंतर. पायरी दुसरी. दोन नंबरमधून काय निघालं?"

"टिटवी."

"म्हणजे दोन नंबर तुमचा. पायरी तिसरी. काल जिन्यात, माझ्या दारासमोर तुम्हीच म्हणालात की दुकानातला शेवटचा गेंडा पार्सलवाल्यांनी विकत घेतला. म्हणालात ना?"

चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

"एक नंबरमधून नवा गेंडा निघाला. म्हणजे एक नंबर पार्सलवाल्यांचा."

"अहो, पण माझा गेंडा..."

"तुमचा गेंडा कुठाय? बावीस वर्षं खिशात असतो ना? दाखवा."

आता सगळ्या बिल्डिंगचं लक्ष पडदेवाल्यांच्या खिशाकडे. त्यांनी हात घातला. मोजा निघाला. मोज्यातून गेंडा निघाला आणि सोळा घरांसमोर त्याने जीभ बाहेर टाकली.

हसण्याचा जो गडगडाट झाला, त्याने समोरचा पानवाला टपरीबाहेर आला.

"सिद्ध झालं," बाई म्हणाल्या.

पडदेवाल्यांनी शेवटचा उपाय म्हणून शत्रूकडे बघितलं. "पार्सलवाले! तुम्ही तरी खरं बोला! हा गेंडा तुमचा आहे का?"

पार्सलवाल्यांचं काय झालं होतं ते फक्त त्यांनाच ठाऊक. बाईंच्या हातात त्यांची टिटवी होती. त्यांची स्वतःची, कडी बदललेली, मुठीवर त्यांच्या अंगठ्याने पाडलेला खड्डा असलेली. ती आता पडदेवाल्यांची ठरली होती. तोंड उघडलं, तर टिटवी परत मिळत होती. पण तोंड उघडलं, तर घमेल्यातले कांदेही मिळत होते. त्यांनी एकदा टिटवीकडे बघितलं, एकदा घमेल्याकडे.

"हो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "माझाच गेंडा."

"मग पैज ठरल्याप्रमाणे," बाई म्हणाल्या. "हरणाऱ्याने जिंकलेल्या चाकूने चिरायचं, जिंकलेल्या कंपनीच्या नावाने ओरडायचं. बसा स्टुलावर. आणि ही तुमची टिटवी. घ्या."

पडदेवाले स्टुलावर बसले. हातात गेंडा, नवाकोरा, लाल, अकरा हत्यारांचा. पहिला कांदा चिरला. पातं लोण्यातून फिरावं तसं फिरलं.

"ओरडा!"

"चाकू असावा तर गेंड्याचा!"

सगळे पोट धरून हसले. बावीस वर्षं हेच वाक्य ते जिन्यात, गच्चीत, मीटिंगमध्ये छाती काढून बोलत आले होते आणि कोणी मान वर करून बघितलं नव्हतं. आज तेच वाक्य दंड म्हणून बोलायचं होतं, तर प्रत्येक कांद्याला टाळ्या पडत होत्या. पाचव्या कांद्याला डोळे वाहायला लागले. दहाव्याला नाक. बाराव्या कांद्याला पानवाल्याने "आवाज येत नाही!" म्हणून हात हलवला.

"चाकू असावा तर गेंड्याचा!"

अठराव्या कांद्याला त्यांनी ओल्या डोळ्यांनी समोर बघितलं. खुर्चीवर पार्सलवाले बसले होते, गळ्यात कोणीतरी हार घातलेला, आणि त्यांचेही डोळे वाहत होते. कांदे त्यांच्यापासून चांगले पंधरा पावलं लांब होते.

सगळ्या घरांचे कांदे संपत आले तेव्हा बायको आली. हातात रिकामं पातेलं. ती स्टुलाशेजारी वाकली आणि चिरलेला कांदा पातेल्यात भरता भरता हळूच म्हणाली, "एक नंबर तुमचाच होता."

"काय?"

"परवा कंगवा पडला ना तुमचा, त्याची स्प्रिंग मला केर काढताना सापडली. म्हटलं, आता हा माणूस रडकुंडीला येणार. काल सकाळी जाऊन शेवटचा गेंडा मीच आणला. तुम्ही खाली झालर लावत बसलात तेव्हा खोकं उघडलं, अभ्रा उसवला, म्हटलं मोडका काढून नवा घालू. तर आत बघते, टिटवी!"

पडदेवाल्यांचा हात कांद्यावर थांबला. "आणि माझा निळा टाका?"

"निळा दोरा सापडला नाही. गेंडा घालून पांढऱ्यानेच शिवला, वर टेपही पुन्हा लावली."

"अगं, मग मघाशी बोलायचं ना! सगळ्यांसमोर! बाई पायऱ्या चढत होत्या तेव्हा!"

"बोलणार होते," बायको म्हणाली. "पण म्हटलं, बायकांना चाकूतलं काय कळतं?"

पडदेवाल्यांनी नाक ओढलं. बायकोने पातेलं कमरेवर घेतलं, दोन पावलं गेली, पुन्हा वळली.

"आणि एक. लिफ्टमध्ये आपण दोघंच होतो. तिसरं कोणी नव्हतं. आणि दार वीज आल्यावर आपलं आपण उघडलं. तुम्ही तोवर पेचकस शोधत होता, हाताला सारखा चमचा येत होता."

"मग... मग तू मला होकार कशाला दिलास?"

"तुम्ही तो चमचा बघून स्वतःच इतके हसलात," ती म्हणाली, "की मला वीज आल्याचं वाईट वाटलं." आणि पदराखालून तिने एक नवीकोरी टिटवी काढली, पातेल्यातला एक मोठा तुकडा सफाईने दोन केला, 'खट्' करून मिटली. "ही मात्र मी ठेवून घेतेय. हलकी आहे."

ती वळून चालू लागली. तेवढ्यात कोणाची तरी सावली स्टुलावर पडली. पार्सलवाले, गळ्यातला हार हातात घेऊन.

"पडदेवाले," ते इकडेतिकडे बघत कुजबुजले, "माझी ती... म्हणजे तुमची ती टिटवी. तिला ओली ठेवू नका हं. लाकूड फुगतं. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसायची. कडीत एक थेंब तेल. आणि... आणि कधी फारच कंटाळा आला तिचा, तर हा गेंडा मी..."

"पडदेवाले!" पलीकडून बाईंचा आवाज आला. "गप्पा नंतर! एक राहिलाय!"

पडदेवाल्यांनी बत्तिसावा कांदा उचलला. पार्सलवाल्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, बायकोच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघितलं, आणि त्या सुजलेल्या, लाल, गळक्या डोळ्यांत कुठून तरी ती जुनी चमक परत आली.

"आधी तुम्ही ओरडा," ते हळूच म्हणाले. "माझ्याबरोबर. मग टिटवीचं बघू."

आणि समोरच्या पानवाल्याने टपरी अर्धवट बंद करून जे ऐकलं, ते दोन माणसांच्या आवाजातलं होतं. एक आवाज कांद्याने बसलेला, दुसरा टिटवीसाठी फाटलेला:

"चाकू असावा तर गेंड्याचा!"